मशीनखालची पावडर

पालघर,
१२ जानेवारी २०२५

ती. भगवंतदादास,
कृ. सा. न. वि. वि.

नीलेशशी लग्न केल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र मात्र फाडण्याआधी वाचतोस, असं दीपावहिनीनं सांगितलं. म्हणून लिहिते.

कारखान्यात मशीनखाली सांडलेली अँटिबायोटिकची पावडर तू झाडून डब्यातून घरी आणतोस आणि कोंबड्यांच्या पाण्यात घालतोस, हे खरं का? उमरोळीत कुणाला ताप आला की चिमूटभर त्यालाही देतोस म्हणे. लोक डॉक्टर म्हणतात आणि तू फुगतोस.

दादा, इथल्या लॅबमध्ये मी रोज जंतूच बघते. थोड्या थोड्या औषधाला सरावलेला जंतू पुढे मरेनासा होतो. न मरण्याची ती विद्या, म्हणजे जनुक, तो स्वतःच्या जातीपुरती ठेवत नाही. शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. एका विद्येबरोबर एकाच गाठोड्यात दुसऱ्या औषधांना न मरण्याच्या आणखी चार जातात. आईला साखर आहे आणि खुराडी तीच झाडते. तिच्यासाठी तरी हे बंद कर.

आईला माझा नमस्कार सांग. सांगणार नाहीस, माहीत आहे.

तुझी धाकटी,
वर्षा


उमरोळी,
२० जानेवारी २०२५

सौ. वर्षाराणी यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. जात सोडून परक्यांत मिसळायची विद्या आम्हाला तुमच्याकडून कळावी, यात नवल नाही. जंतूंना तुम्ही शिकवलंत की त्यांनी तुम्हाला, एवढंच कळवा.

माझ्या दीडशे कोंबड्या आहेत, वर्षात एक मेली नाही. मनोरच्या बाजारात लोक माझं नाव घेऊन मागतात. शेजारच्या पारूचा खोकला दोन दिवसांत थांबला. "भगवंतभाऊ, तुमी हाय म्हणून आमाला दवाखाना लागत नाय," असं ती चारचौघांत म्हणाली. आईला लघवीला जळजळ होत होती, तिलाही आठवडाभर पावडर दिली. ठणठणीत आहे. तुमची आठवण तिने काढलेली नाही.

लोभ जेवढा उरला आहे तेवढा पुरे.

भगवंत


पालघर,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

चार दिवसांपूर्वी तपासायला रक्ताची बाटली आली. चिठ्ठीवर नाव सोजराबाई, वय अडुसष्ट. आई बोईसरच्या दवाखान्यात आहे, हे मला त्या चिठ्ठीवरून कळलं.

ताटलीत जंतू वाढवून वर औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं तर चकतीभोवती रिकामं वर्तुळ दिसतं. मी बारा चकत्या ठेवल्या. एकीभोवतीही वर्तुळ नव्हतं. मागच्या महिन्यात वहिनीनं चोरून दिलेली कोंबड्यांची विष्ठा मी तपासली होती. तो जंतू एका जातीचा, आईच्या रक्तातला दुसऱ्या जातीचा. जनुक दोघांत तेच निघालं.

रिपोर्टवर सही मीच केली. आता या बारांबाहेरचं एकच औषध उरलंय, तेही मूत्रपिंडं खराब करणारं. दादा, तुझ्यापुढे पदर पसरते, मला आईला एकदा भेटू दे. तू नसशील त्या वेळी येईन. तू हो म्हटल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही. आईसमोर तमाशा नको.

वर्षा


उमरोळी,
६ मार्च २०२५

चि. वर्षास,
अनेक आशीर्वाद.

आईला जाऊन आठ दिवस झाले. शेवटचं औषधही लागू पडलं नाही. तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं, खिशातच ठेवलं.

कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. पावडरचा डबा घरात नको म्हणून मागच्या नाल्यात रिकामा केला आणि तिथेच धुतला. एवढं तरी बरोबर केलं ना, ते कळव.

पुढचं लिहिणार नव्हतो. पण मी लिहिलं नाही तर दीपा लिहिणार आहे. आई शुद्धीवर होती तोवर तीन दिवस एकच म्हणत होती, "वर्षीला बोलीव रं, एकदा बघू दे." मी तिला सांगितलं, कळवलंय, पण ती येत नाही म्हणाली. त्यावर आईने भिंतीकडे तोंड केलं. परत तुझं नाव काढलं नाही.

शेवटी लोभ असू द्यावा असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही.

भगवंत