आजारपणाचा दाखला

मंगळवार, दिवेलागण

शिक्का मिळाला एकदाचा. गोल, जांभळा. कशाला मिळाला असं झालंय.

सैन्याच्या अकादमीच्या अर्जाला मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. मी पाचवीपासून घरी शिकले, अप्पांच्याच हट्टानं, अप्पांकडंच. दहावी-बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. मग माझे मुख्याध्यापक कोण? म्हणून आज अप्पा मला परीक्षा दिली त्या परळीच्या शाळेत घेऊन गेले.

"सतरा नंबर म्हणजे नापास झालती का गं?" तिथल्या मुख्याध्यापक सरांनी विचारलं.

"न्हाई सर, घरी शिकले."

"तसं लिहिता येत न्हाई. आजारपणामुळं शाळा सुटली, असं लिहू का?"

वाटलं, अप्पा आता रागानं उठतील. थर्मल वीजकेंद्राची रात्रपाळी करून आल्या आल्या मला पाच किलोमीटर पळवणारे अप्पा. ते म्हणाले, "लिहा सर, तुमाला जमंल तसं." वर हात जोडले. काहून?

सरांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली आणि दाबला. लई ठसठशीत उमटला.

मला वर्षानुवर्षं साधा ताप नाही. आणि फौजेत पाठवायच्या कागदावर मी आजारी.

कागद आता देवापुढं आहे. अप्पांनी त्याला हळदकुंकू लावलंय, शिक्क्याला लागू नये अशा बेतानं.