तीन कोपऱ्यांचं घर

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेले लोकही आता एकेक करून जातायत. तरी तुमच्यावरचा माझा राग काही म्हातारा झालेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंतपणी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.

अमरावतीच्या त्या कॉलेजात तुम्ही पुण्याहून आला होता आणि मी भातकुलीहून. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर आमच्या वस्तीतून इंजिनिअर होणारा मी पहिला. संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मायनं सगळ्या वस्तीत साखर वाटली. दिल्लीचे पाहुणे प्रयोगशाळा पाहायला आले, त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून टेबलापाशी उभा आहे. तुम्ही प्रत्येकाची ओळख करून देताय, हा अमक्याचा मुलगा, हा गणितात हुशार. माझ्यापाशी आल्यावर म्हणालात, "आणि हे आमचे सवलतीचे विद्यार्थी." पाहुणे हसले नाहीत, रागावलेही नाहीत, पुढच्या टेबलाकडे गेले. पदवीला तुमच्याच विषयात मी पहिला आलो होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आपलं संशोधन काळ्या मातीवर होतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि वर्षभरात अख्खं घर वरखाली करते. वऱ्हाडात कुठल्याही घराची भिंत पाहा, कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली दिसेल. तुमचं म्हणणं असं, की खोल पाया खणण्याचा खर्च करायलाच नको, वरच्याच मातीत चुना मिसळला की तिचं फुगणं थांबतं. कल्पना चांगली होती. काचेच्या भांड्यात ती खरीही ठरत होती. म्हणून अकोल्याला कॉलेजच्या शेतावर उथळ पायाचं एक लहान घर बांधून पाहायचं ठरलं. चुना मिसळताना मी तिथेच उभा होतो. तुम्हीही होता. मूठभर माती हातात घेऊन, बोटांनी चुरून, "उत्तम झालंय" असं तुम्हीच म्हणालात.

पावसाळा संपल्यावर मी अकोल्याला जाऊन चारही कोपऱ्यांची उंची मोजली. पश्चिमेकडचा एक कोपरा बोटभर वर आला होता. तुम्ही म्हणालात, उंची मोजायची लेव्हल हलली असेल, मापं परत घ्या. परत घेतली मापं. कोपरा तेवढाच वर. तुमच्या टेबलावर तेव्हा दिल्लीच्या परिषदेचं निमंत्रण पडलेलं होतं आणि या प्रयोगावरचा तुमचा निबंध आधीच मंजूर झाला होता.

"मग तो कोपरा सोडा," तुम्ही चष्मा पुसत म्हणालात. "तीन कोपऱ्यांची मापं पुरेशी आहेत."

मला राग आला की माझी भाषा घरी परत जाते. मी म्हणालो, "सर, घराले तीनच कोपरे असतात काय?"

"आधी घराला म्हणायला शिका," तुम्ही म्हणालात, "मग मला शिकवा."

खोलीत आणखी दोघं होते. ते हसले. पाहुण्यांसारखे सभ्य नव्हते ते.

तुम्ही आवाज चढवला नाहीत, ते तुमचं कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला भांडारघरात जुनी उपकरणं पुसायला बसवलंत आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतलीत. दिल्लीत निबंध वाचला गेला. तिथून आल्यावर तुम्ही पेढे वाटले आणि एक माझ्याही हातावर ठेवलात. मी तो खाल्ला. आणि प्रयोग यशस्वी झाला म्हणून ते अकोल्याचं घर तुम्ही शेताच्या चौकीदाराला राहायला दिलंत. तो, त्याची बायको आणि दोन लहान मुली.

पुढच्या पावसाळ्यात मी सुट्टी टाकून बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. मला कुणी पाठवलं नव्हतं. दार लागत नव्हतं म्हणून चौकीदारानं ते रंध्यानं तासलं होतं आणि तासूनही ते पुन्हा अडकलं होतं. पश्चिमेच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग. मी त्याला म्हणालो, आजच्या आज बाहेर निघा.

"काहून घाबरवून राहिले, साहेब?" तो म्हणाला. "मोठ्या सायबानं त सांगतलं, घर पक्कं हाये म्हणून."

मी त्याला भांड्यातली माती, चुना, कोपरा, सगळं समजावत बसलो. तो मान हलवत होता आणि हलत नव्हता. त्याच्या बायकोनं मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं, भेगेकडे एकदा पाहिलं आणि अंथरुणाची वळकटी उचलली. "मी त चालली पोरी घेऊन," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमाले राहाचं असंन त राहा." ती बैलांच्या गोठ्यात राहायला गेली. संध्याकाळी तोही मागून गेला.

त्याच आठवड्यात भरदुपारी भिंत पडली, आत, चुलीवर. ती वेळ स्वयंपाकाची होती.

तुम्ही पाहायला आलात. धोतराचा सोगा हातात धरून विटांवर उभे राहिलात आणि चौकीदाराला सांगितलंत, "चुना नीट मिसळला नाही यांनी." यांनी म्हणजे मी. मी शेजारी उभा होतो. माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

चौकीदाराची बायको गोठ्याच्या दारातून म्हणाली, "सायेब, यायनंच त आमाले बाहेर काढलं."

तुम्ही घड्याळ पाहिलंत. "गाडी चुकेल माझी," एवढंच म्हणालात आणि टांग्यात बसलात. मग अहवालात लिहिलंत, साहाय्यकाच्या देखरेखीत हलगर्जी झाली. शिष्यवृत्ती बंद झाली. घरी माय म्हणाली, "तुह्या सरले काही म्हणलं का?" मी नाही म्हणालो. "काहून?" ती म्हणाली. दोन मुली त्या चुलीपाशी बसलेल्या असत्या, हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तेवढ्यासाठी वऱ्हाडी पुरली असती.

मग मी ओव्हरसिअर झालो. चांदूर बाजारच्या बाजूला पूल बांधले, शाळा बांधल्या, पाया नेहमी खोल नेला. वरचे साहेब खर्चावरून बोलायचे, मी ऐकून घ्यायचो. तुमचा निबंध पुढे नावाजला गेला, तुमचा सत्कार झाला, तुमचं निधन झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. कोपऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तुमच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती आता स्वतः आजी झाली आहे. तुमच्या आठवणींचं पुस्तक काढतेय, जुन्या विद्यार्थ्यांनी लिहावं म्हणते. फार नम्र बोलते, मला दादा म्हणाली. मी लिहायला बसलो आणि हे झालं. हे तिला पाठवणार नाही, तिनं माझं काही बिघडवलेलं नाही. तिला मी दोनच ओळी पाठवल्या. सरांनी मला पहिल्या वर्षी मैदानात दिवसभर उन्हात उभं करून लेव्हल लावायला शिकवलं, आणि तिचा बुडबुडा मधे येईपर्यंत स्वतःही छत्री न घेता शेजारी उभे राहिले. इतकं नीट मला दुसऱ्या कुणी काही शिकवलं नाही.

यातलं काहीच खोटं नाही. त्या ओळी लिहिताना हात जराही अडला नाही, आणि तुमच्या बाकी कशाहीपेक्षा मला याचा जास्त राग येतो.