जस्ताचं पाणी

२ जून, सोमवार

आजपासून माझा फ्रीज माझा राहिलेला नाही! हे कुठेतरी नोंदवून ठेवायलाच हवं, म्हणून इथे. वाटलेल्या मिरचीचा डबा — या घरात नवऱ्यापेक्षा जास्त टिकलेली एकमेव वस्तू — हद्दपार. त्याच्या जागी मोरेनिकेच्या बाटल्या. "मॅडम, कॉलेजच्या फ्रीजला वीज नाही ना!" कॉलेजला वीज नाही, नळाला पाणी नाही, काचघराला काच नाही. मला मात्र विद्यार्थिनी आहे. आणि म्हणून प्रयोग माझ्या परसात.

बाटलीत जस्ताचं पाणी. जस्ताचे कण इतके बारीक की एका केसाच्या रुंदीत हजारभर सहज आडवे झोपतील. डाव्या ओळीतल्या माठाच्या रोपांना हे पाणी, दर रविवारी. उजव्या ओळीला साधं. फरक काय पडतो ते मोजायचं आणि जुलैत कॉलेजच्या समितीपुढे मांडायचं. नाही जमलं तर पोरीचं शिक्षण संपलं. "बाबा म्हणतात, पुरे झालं. घरी ये, कोंबड्या सांभाळ."

म्हटलं, कोंबड्यांचं नशीब उघडेल. ती हसली नाही. मीही नाही.

८ जून, रविवार

केहिंदे भाऊजी पाण्याचा ड्रम भरायला आले. दर रविवारी येतात. मी पडद्यामागे. ताईवो गेल्यापासून मी त्यांच्यासमोर गेलेली नाही. जाणार कशी? तेच कपाळ, तोच आवाज, चालताना तोच उजवा खांदा खाली. माझ्या मेलेल्या नवऱ्याचा चेहरा लावून माणूस परसात बादल्या उचलतो! जुळे. घरोघरी जुळी असलेल्या या इग्बो-ओरात राहून जुळ्यांबद्दल तक्रार करायची म्हणजे नदीकाठी राहून ओलीबद्दल.

मोरेनिके रविवारी चर्चमध्ये गाते, तेव्हा जस्त घालणं माझ्याकडे आलंय. मी खिडकीतून ओरडले —

"बाटली पायरीवर ठेवलीय. डाव्या ओळीला घाला. सगळी."

"फक्त डाव्या?"

"फक्त डाव्या."

"बरं, वहिनी."

झालं. पडद्यामागूनही जग चालतं.

१३ जून, शुक्रवार

पाऊस. वीज नाही. जेवले की नाही, आठवत नाही.

१९ जून, गुरुवार

बाजारात कांदेवाली म्हणाली, "ताईवो लागोसला गेला, पण तुम्ही तब्येत सांभाळा हो." जुळा मेला असं इथे म्हणायचं नाही. मागे राहिलेल्याच्या कानावर गेलं तर तोही निघेल म्हणे. मग सगळं गाव त्याला लागोसला धाडतं. मी विधवा की लागोसवाल्याची बायको, ते एकदा ठरवा!

ताईवो आधी जन्मला, म्हणून तो धाकटा. जग कसं आहे ते चाखून यायला थोरला धाकट्याला पुढे पाठवतो, अशी इथली समजूत. याही वेळी पुढे तोच गेला.

हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं होतं.

२८ जून, शनिवार

मोरेनिके पट्टी घेऊन दिवसभर उकिडवी. संध्याकाळी दारात येऊन उभी. "मॅडम, दोन्ही ओळी सारख्याच."

"मग सारख्या लिही."

"आणि दोन्ही फार छान. गेल्या हंगामात याच जस्ताने पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आता एकही नाही. उजवीकडे कोणी काही घातलं का?"

मी पडद्यामागे होते, हे उत्तर समितीत चालत नाही.

२९ जून, रविवार

खिडकीतून विचारलं, "भाऊजी, सगळी बाटली डाव्या ओळीलाच घालता ना?"

बादली खाली ठेवल्याचा आवाज.

"अर्धी."

"म्हणजे?"

"अर्धी डाव्या, अर्धी उजव्या. एकाच दिवशी पेरलेले, वहिनी, एकाच पत्र्याखाली. एकाला पाजायचं आणि दुसऱ्याला त्याच्या तोंडाकडे बघत बसवायचं? नाही झालं माझ्याच्यानं."

"अहो, तो प्रयोग आहे! पोरीचं वर्ष आहे त्यात!"

"मला कोणी सांगितलं? तुम्ही तर खिडकीतून बोलता."

भाऊजी शाळेत गणित शिकवतात. तेव्हा अर्धं म्हणजे चोख अर्धं, थेंबभर इकडेतिकडे नाही. खिडकी लावून घेतली.

३० जून, सोमवार

मोरेनिके रडून गप्प झाल्यावर हळूच म्हणाली, "उजव्या ओळीचे आकडे थोडे खाली आणले तर?"

"आण. उद्या कोंबड्यांची अंडीही अशीच वाढव."

मग दोघी बराच वेळ माठाकडे बघत बसलो. सुरेख होता मेला.

१४ जुलै, सोमवार

समितीला सरळ सांगितलं. "माझ्या दिरांनी औषध दोन्ही ओळींत वाटलं. मी लक्ष ठेवायला हवं होतं, ठेवलं नाही. चूक मुलीची नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "दीर जुळे का?"

"हो."

"मागे राहिलेले?"

"हो."

कोणी हसलं नाही. समितीत दोन जुळे आणि एक जुळ्यांचा बाप. कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, "मी असतो तर मीही वाटलंच असतं." मग अध्यक्ष म्हणाले, "पण अर्ध्या मात्रेने कडा पिवळ्या पडल्या नाहीत, हे तरी तपासायला हवं. तीन ओळी लावा — पूर्ण, अर्धी, साधं पाणी. सप्टेंबरात या." मोरेनिकेने तिथेच गुडघे टेकून आभार मानले.

"आणि या वेळी औषध कोण घालणार?"

"मी," म्हटलं. बाहेर यावं लागणार.

२० जुलै, रविवार

माती भाऊजींनी वाहिली. सगळ्या कुंड्या त्यांनीच भरल्या, न सांगता. मी परसात होते, नजर मातीत. एकदाच बोलले —

"ही साध्या पाण्याची ओळ. हिला काही द्यायचं नाही, भाऊजी."

"ठाऊक आहे." मग बादली उचलत, "तिला माझ्याकडे पाठ करून ठेवा."

जेवायला थांबले नाहीत.

२१ जुलै, सोमवार

इथे कोणी आपल्यासाठी राबलं की दुसऱ्या सकाळी त्याच्या दारी जाऊन "कालचे आभार" म्हणायचं असतं. ताईवोला पुरलं ते भाऊजींनीच, आणि दुसऱ्या सकाळी मी गेले नव्हते. आज गेले. दार उघडलं, तशी मान वर केली आणि म्हटलं, "कालचे आभार. त्या कालचेही."

जवळून पाहिलं तर ते ताईवोसारखे दिसत नाहीत.