खमावायचं राहिलं

।। श्री ।।

लेस्टर,
१३ ऑक्टोबर २००२

ती. सौ. बाई आणि ती. भाऊ यांना चेतनाचा सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र मिळालं असेलच. आता जरा बूड टेकलं, म्हणून सविस्तर लिहिते. माझी शाळा मोठी आहे आणि पोरं त्याहून मोठी. गणित नको, पण ही नवी बाई बोलते कशी ते बघायला सगळी हजर असतात. ‘मिसेस बोरा’ म्हणताना त्यांची जीभ अशी काही वळते की मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

अंकितची नोकरी पुण्याचीच राहिली, कंपनी तीच, साहेब तेच. पुण्यात साडेनऊ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे पाच असतात. त्यामुळे पाचला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर लावून बसतो, अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला माझी शाल. दुपारी त्याचं ऑफिस सुटलं की रिद्धीला शाळेतून आणायचं काम त्याचं. पोळ्याही तोच लाटतो. त्या गोल होत नाहीत, पण खायला बऱ्या लागतात. एवढं भाऊंना वाचून दाखवू नका हं, म्हणतील बायकोनं पोराचा पार आचारी केला.

तुमच्याकडचा फोन भाऊंनी काढून टाकला, तेव्हा आता सगळं कागदावरच. अंकितला म्हटलं, दोन ओळी तू लिही. त्यानं पेन घेतलं, वर श्री काढला आणि ठेवून दिलं. तेवढा श्री त्याच्या हातचा आहे.

बाई, पायाला तेल लावता का? जिना चढू नका. माया आहेच, ती अंतरानं पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चेतना

●

।। श्री ।।

घोडेगाव,
५ डिसेंबर २००२

चि. सौ. चेतनास बाईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. श्री बघितला. लहानपणी काढायचा तसाच अजून वेलांटी लांब ओढतो.

माझा पाय बरा हाय, थंडीत तेवढा ठणकतो. शेजारची झुंबरबाई रोज इचारती, पोरगं तिकडं जाऊन काम पुण्याचं करतं म्हंजे नक्की राहतं कुठं? मी म्हनलं, बाई गं, मलाबी तेच कळंना.

पण तुझ्या सासऱ्यांनी काल जेवताना एकच इचारलं. म्हणाले, जे काम साता समुद्रापलीकडनं होतं ते घोडेगावातनं का होत न्हाई?  

चेतना, गेल्या साली त्या दिवशी तू पुण्यात व्हतीस, तुला कुणी नीट सांगितलंबी नसंल. माझा पाय मोडलेला, म्हणून अंकित पुण्याचं काम घेऊन घरी आलेला. वरच्या खोलीत कॉम्प्युटर, अन् त्याची तार दुकानाच्या फोनला. तो काम धाडत असला की दुकानाचा फोन बंद. पर्युषणाचा तिसरा दिवस व्हता. आपली मंजू जुन्नरला बाळंतपणात अडली. रक्त लई गेलं. तिचं रक्त सहजी न मिळणारं, अन् घरात तसलं रक्त फक्त अंकितचं. सासरच्यांनी धा वाजल्यापासून दीड-पावणेदोन तास फोन लावला. लागलाच न्हाई. शेवटी तिचा दीर मोटरसायकलीवर आला. अंकित पोचला तवा बाळ अन् बाळंतीण दोघंबी गेलेली.

मी पलंगावर पडून व्हते. ह्यांनी सगळ्यांदेखत त्याला म्हनलं की तुझ्या मशिनीनं माझी पोर खाल्ली. पोरगं एक शब्द बोललं न्हाई.

असो. काय लिहायला बसले अन् काय लिहिलं. रिद्धीला कानटोपी घाल. आठवण धरून असावं.

तुमची,
बाई

●

।। श्री ।।

लेस्टर,
१७ ऑगस्ट २००३

ती. सौ. बाईंना चेतनाचा सा. न. वि. वि.

पर्युषण आठवड्यावर आलं. इथल्या मंदिरात रिद्धीला घेऊन जाणार आहे. तिला समजावलं, की संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना द्यायची, त्याला खमावणं म्हणतात, आणि कुणावरचा राग वर्षाच्या पुढे न्यायचा नाही. तिनं लगेच मला खमावलं आणि कपाटातलं चॉकलेट खाल्ल्याचं कबूल करून मोकळी झाली. इतकं सोपं असतं ते!

आता रागावू नका, पण लिहिते. भाऊ दर संवत्सरीला साठ घरी कार्डं धाडतात. ज्या व्यापाऱ्यानं कुजका माल दिला त्यालाही धाडतात. आम्हाला नाही. मागच्या वर्षी अंकितनं छापील कार्ड पाठवलं, त्याला उत्तर नाही. दोन वर्षं मुलगा त्या एका वाक्याखाली वावरतोय. कॉम्प्युटर बंद करतो, वर तारही भिंतीतून काढून ठेवतो. रात्रभर चालू ठेवली तरी इथे कुणाचं काही अडत नाही.

मी चिडून म्हटलं, की भाऊंना काय कळतं यातलं, रागाच्या भरात बोलून बसले, आता एक ओळ लिहायला काय जातं. तर तुमचा लेक माझ्यावरच डाफरला. भाऊंना एक शब्द बोलायचा नाही म्हणे. इतका आवाज त्यानं माझ्यावर कधी चढवला नव्हता. मला तर काही कळेनासं झालंय.

बाई, तुम्ही भाऊंना सांगा ना. नुसतं छापील कार्ड आलं तरी चालेल. लोभ आहे, म्हणूनच हक्कानं मागते.

तुमची,
चेतना

●

।। श्री ।।

घोडेगाव,
१० जानेवारी २००५

चि. सौ. चेतना यांस सुवालाल बोरा यांचे आशीर्वाद. वि. वि.

सून म्हणून तुम्हाला आमच्या घरात येऊन सात वर्षं झाली, पण तुमच्याशी मी समोरासमोर कधी चार वाक्यं बोललो नाही. आमच्यात तशी रीत नव्हती. आज कागदावर बोलतो. साखरेमुळे डोळ्यांना कमी दिसतं, तेव्हा ओळी वरखाली झाल्या तर समजून घ्या.

तुमच्या पत्रातून कळलं की इकडे लाइट जाते म्हणून त्याला काम जमणार नाही. इन्व्हर्टर घेतला आहे. मग कळलं की लाइन एकच असून भागत नाही. त्याच्यापुरती स्वतंत्र लाइन घेतली, ती थेट वरच्या खोलीत नेली आहे. दुकानात फोन नाहीच. मंचरहून फिरती खुर्ची आणली. भिका हमालानं ती डोक्यावरून वर चढवली आणि स्वतःच बसून दोन गिरक्या मारल्या. खोलीला रंग दिला. खिडकीला जाळी बसवली, माकडं फार झालीत.

तेव्हा आता काही अडचण राहिलेली नाही. अजून असेल तर कळवावी, ती दूर करू. तुम्हाला इथं शाळा आहे, गणिताच्या शिक्षकाला सगळीकडे मान असतो. रिद्धीचं मराठी मोडायच्या आत यावं.

त्याला वेगळं लिहीत नाही. दोनदा बसलो होतो. हे पत्र त्याच्या हाती द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्याबद्दल मन मोठं ठेवावं.

आपला,
सुवालाल

●

।। श्री ।।

घोडेगाव,
२९ ऑगस्ट २००६

चि. अंकितास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर माझं, बोल तुझ्या बापाचे. त्यांना आता कागदावरची रेघ दिसत न्हाई. काल संवत्सरी झाली. आज सकाळी म्हणाले, लिहायला बस, मी सांगंन तसं लिही, मधी तुझं काय घालू नको.

अंकित, मी सुवालाल सांगतो. त्या दिवशी दहाला तू जिन्यावरून ओरडलास की भाऊ, लाइन सोडली. मी ते ऐकलं. तार तू काढली होतीस. त्यानंतर मी गादीवर सामायिकाचं ध्यान धरून बसलो. पर्युषण म्हणून लागोपाठ दोन धरली, म्हणजे दीड तासाच्या वर आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही. घंटी वाजली की मन मोडतं, म्हणून बसायच्या आधी मीच फोनचा रिसिव्हर उचलून तक्क्याखाली ठेवला. उठल्यावर जागेवर ठेवला. पाच मिनिटांत मंजूचा दीर दारात आला. म्हणाला, केव्हापासून फोन लागत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझी मान वरच्या खोलीकडे वळली. मी ठरवून वळवली नाही. पण परत खाली आणली नाही, ती पाच वर्षं.

साठ कार्डं धाडत होतो. तुला खोटं कार्ड धाडवत नव्हतं आणि खरं लिहायची छाती नव्हती. तुझी मशीन निर्दोष, तू निर्दोष. मी तुला खमावतो. मिच्छामि दुक्कडम्.

त्यांचं संपलं. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसलेत. रिसिव्हर शब्द लिहिला तवा माझा हात थांबला व्हता. ते वाट बघत राहिले. मग मी पुढं लिहिलं. हे मला आजच कळतंय.  पाकिटाला तिकीट लावून भिकाकडं देते.

तुझी,
बाई

●

।। श्री ।।

लेस्टर,
११ सप्टेंबर २००६

ती. सौ. बाईंना अंकितचा शि. सा. नमस्कार.

पाच वर्षांत मी तुला स्वतःच्या हातानं लिहिलं नाही. कारण तुला लिहिलं की भाऊंना टाळून लिहिता येत नाही, आणि भाऊंना लिहायचं तर खोटं लिहावं लागतं. आता ती अडचण उरली नाही.

बाई, मला ठाऊक होतं. त्या दिवशी साडेदहाला मी तुझ्यासाठी दूध न्यायला खाली उतरलो. भाऊ डोळे मिटून बसले होते आणि तक्क्याखालून फोनची वायर बाहेर आलेली होती. मी ती पाहिली. मनात आलं की रिसिव्हर जागेवर ठेवावा. पण सामायिकात बसलेल्या माणसाजवळ आवाज करायचा नाही, हे मला चौथ्या वर्षापासून तुम्हीच शिकवलंय. मी चवड्यांवर चालत दूध घेऊन गेलो. तेव्हा हात पुढे केला असता तर पुढचा फोन लागला असता. म्हणून भाऊ सगळ्यांदेखत बोलले तेव्हा मी गप्प राहिलो. शब्द चुकीचे होते, पण मला ते पूर्ण खोटे वाटले नाहीत.

आणि तू पलंगावर होतीस. पोर गेलेली, पाय मोडलेला. तुला आयुष्य त्यांच्याबरोबर काढायचं होतं, माझ्याबरोबर नाही. मला वाटलं, बाईचा राग कुणावर तरी जाणारच, तर माझ्यावर जाऊ दे, मी लांब जाऊ शकतो. ते जाऊ शकत नाहीत. चेतनाला इथली नोकरी मिळाली आणि मी निघालो. काम तर कुठूनही झालं असतं. लाइट, लाइन, सगळी निमित्तं होती. त्या खोलीत बसून खाली भाऊंचा आवाज ऐकत राहणं मला जमलं नसतं, आणि मला काय माहीत आहे ते त्यांनी एक ना एक दिवस माझ्या तोंडावरून ओळखलं असतं.

भाऊंना सांग, मी त्यांना पहिल्याच वर्षी खमावलं होतं. माझ्या त्या चवड्यांवर चालण्याचं तुम्ही दोघांनी मला खमावा.

तुझा,
अंकित

●

।। श्री ।।

घोडेगाव,
२६ सप्टेंबर २००६

चि. अंकितास,

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. चवड्यांवर चाललास तिथं ते लहान पोरासारखे रडले. म्हणाले, माझ्या पोरानं माझं शिकवणं पाळलं, त्यात त्याला कसलं खमावायचं. मीबी तेच म्हणते. तुझं काय चुकलं न्हाई रे.

आता माझं ऐक. तुमी दोघं बापलेक मला सांभाळायला गप्प बसलात. फार शहाणे झालात. तुमच्या दोघांत मी एकटी अडाणी राहिले, अन् अडाणी माणूस जे करतं तेच मी केलं. मी तुझ्यावर राग धरला.

तुला कधी कळू दिलं न्हाई. चेतनाला मायेची पत्रं लिहीत गेले, तुला शेव धाडली, रिद्धीला टोपी धाडली, ते खोटं नव्हतं. पण मंजूच्या फोटोसमोर दिवा लावताना दर येळी मनात यायचं की ह्यानं ती तार जरा आधी काढली असती तर माझी पोर आज असती. चेतनानं म्हनलं, भाऊंना सांगा, एक कार्ड तरी धाडा. मी त्यांना कधी सांगितलंच न्हाई. मलाच वाटायचं, नको धाडायला, सोसू दे त्याला थोडं. तू परत येत न्हाईस म्हणून लोकांसमोर रडायचे अन् आतनं बरंबी वाटायचं. आई असून.

पाच संवत्सऱ्या झाल्या. दर येळी प्रतिक्रमणात बसून जगातल्या सगळ्या जिवांना खमावलं, मुंग्या-माश्यांना खमावलं. तुझं नाव आलं की नुसते ओठ हलवायचे. पुढं बसलेल्या बायकांना वाटायचं, किती भक्ती हाय हिला.

तुझ्या बापाला अजून काय म्हणाले न्हाई. जेवाय वाढते, डोळ्यांत औषध घालते. ते माफी मागत न्हाईत अन् मी देत न्हाई, असं चाललंय. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण तुझ्यावर जो राग धरला तो आता कुठं नेऊन ठेवू, ते मला कळत न्हाई. त्यांच्यावर घालावा तर ते आधीच मोडलेत.

तू ये असं म्हणायला माझ्यात जोर न्हाई. आलास तर मला तुझ्याकडं बघता येईल का, ते आज सांगता येत न्हाई. पण आलास तर मी दार उघडीन, एवढं खरं.

खाली लोभ असावा लिहायची रीत हाय. मला ते मागायचा हक्क राहिला न्हाई, म्हणून नुसतं नाव लिहिते.

मोहनबाई