लायसानीच्या आतड्यातली सुगडी

३ जून
लायसानी आली! माझी नात, तिकडे मोठ्या बेटावर, सुवा शहरात मास्तरीण. नुसती काडी झालीय. पोटातून रक्त जातंय, आणि पोरगी कुणाला बोलली नाही! पण आमच्या बेटावर आली तर खरी. चटईवर माझ्याच अंगावर पाय टाकून झोपली, लहानपणी झोपायची तशी. वाईट वाटायला हवं. मला तर मेलं हसू येत होतं.

५ जून
डॉक्टर इलाइतियाचं गाव नि आमचं गाव मूळ एकाच देवाचं, म्हणजे एकमेकांची टर उडवायचा हक्कच.

"काय म्हातारे, अजून आहेस?"
"तुला पोचवून मग जाईन, वटवाघूळखाऊ!"

मग लायसानीला नळी घालून तपासलं. म्हणाला, आतड्याच्या भिंतीत बारीक बारीक सुगड्यांसारख्या पेशी असतात, त्या बुळबुळ सोडतात. ती भिंतीवर पसरते, म्हणून घाण आत शिरत नाही. लायसानीची सुगडी रिकामी झालीत, भिंत उघडी पडलीय. औषधानं भरली तर बरं. नाहीतर मोठं आतडं कापून काढायचं.

कापायचं!

मला आमची आई आठवली. ओढ्यातली वाम धरली की आधी राख चोळायची, बुळबुळ जाईस्तोवर. एकदा मी राख लावलेली वाम परत पाण्यात सोडली – दया आली म्हणून! चार दिवसांत तिच्या अंगावर फोड. आई हसली होती, "कातडं काढून घेतलंस की गं तिचं!" काय हसायची आई. दात नव्हते तरी.

१९ जून
लायसानीला आव पडली! ती बुळबुळच, भरपूर! म्हणजे सुगडी भरली की! मी गावभर सांगत सुटले. शेजारच्या वासेमाथानं भाजलेला मासा आणला, देवळात प्रार्थना झाली.

२० जून
इलाइतियानं आज टर उडवली नाही. लायसानीसारखं मला बू, म्हणजे आजी, म्हणाला हळूच, "बू, आव बाहेर पडणं चांगलं नव्हे. भिंतीवर होती-नव्हती ती सुटून चाललीय." औषध बदललं. वासेमाथाला काय सांगू?

११ जुलै
रक्त कमी. नारळाच्या दुधातला भात खाल्ला, वर मलाच म्हणते, "बू, मीठ विसरलीस." विसरले तर विसरले!

२ सप्टेंबर
पुन्हा नळी घातली होती. भरली! सगळी नाही, पण भरताहेत. कापाकापी नाही. मी नाचले, लायसानी नाचली, इलाइतियासुद्धा नाचला, बेडकासारखा.

मग ती सुव्याच्या बोटीची वेळ विचारायला गेली.