शर्टाची कॉलर

मंगळवार, संध्याकाळ. मदिनत सुलतान काबूस

उद्या व्हिसाची मेडिकल. तीन आठवडे खोकतोय. एक्स-रेत छातीत डाग दिसला तर व्हिसा नाही, आखातातलं इथलं सगळं खलास, सामान बांधून पुण्याला. सुनीताला हे सांगितलेलं नाही. बायकोला घाबरवायचं कशाला, मी पुरेसा घाबरलोय.

पेपरच्या पुरवणीसाठी एका अमेरिकन कादंबरीवर लिहायला बसलो. नायक बहात्तर वर्षांचा ट्रकचालक. इस्पितळात जाण्याआधी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करतो, कोणाला हात लावू देत नाही. संस्कृतात धीरोदात्त नायकाची लक्षणं घोकली होती, त्यात खोकला नव्हता. हा खोकतो, घाबरतो, तरी कॉलर कडक. मग धीरोदात्त हाच ना? आणि मी?

एक ओळही सुचेना. उठून उद्याचा शर्ट इस्त्रीला घेतला.

सुनीता दारातून म्हणाली, "अहो, एक्स-रेला शर्ट काढायलाच लावतात. एवढी इस्त्री कोणासाठी?"

"मशीनसाठी. आत कोण आहे ते कळू दे तिला."

ती हसली नाही. "खोकला मलाही ऐकू येतो. उद्या मी येतेय."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. इस्त्री तिच्या हातात दिली. कॉलर तिनेच केली.