बिनपाण्याचं मिल्कवीड

१४ मार्च
मिल्कवीडचं बी ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. महिनाभर थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही. इर्मा विचारते, लोणी कुठे ठेवू. बायको झाली तरी दूरदृष्टी येत नाही.

२ मे
लॉन उखडून बी पेरलं. आमच्या कॅन्ससचं रानफूल, दुष्काळाला भीक घालत नाही. संकल्प: थेंबभरही पाणी नाही. इर्मा म्हणे, पाकिटावर लिहिलंय, पहिलं वर्ष पाणी लागतं. पाकिटं लिहिणारे शहरात राहतात.

२९ मे
चाळीस रोपं. पाऊस शून्य. शेजारीण व्हायोला श्रॅग कुंपणावरून म्हणाली, हार्लन, तुझी माती ओली दिसते रे. म्हटलं, दव. लोकांना सगळं शिकवावं लागतं.

२० जून
पारा एकशेचार फॅरनहाइट. व्हायोलाचे टोमॅटो करपले, माझी रोपं टवटवीत. लायब्ररीत भाषण ठरलं: ‘पाण्याविना बाग’. इर्माची पाठ धरते हल्ली. व्यायाम नाही, दुसरं काय.

१ जुलै, सकाळी ७
इर्मा मागच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पहाटे तिथे कशाला गेलीस, विचारलं. म्हणाली, वारा घ्यायला. शेजारी बादली लवंडलेली. वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही. नाश्ता: कोरडा पाव.

५ जुलै
हॉस्पिटल. रोपांचा फोटो दाखवला. माना टाकल्यात जरा. इर्मा म्हणाली, संध्याकाळी थोडं पाणी घाल. औषधाच्या गुंगीत होती. मुलगी जनेल माझ्याकडे टक लावून बघत होती. कौतुक असावं.

९ जुलै
अठ्ठावीस गेली. बारा निवडक उरली. निसर्गाची चाळणी. भाषणात घालायचं.

११ जुलै
सतरा श्रोते. छान बोललो. शेवटी व्हायोला उठली. म्हणाली, मे महिन्यापासून रोज पहाटे इर्मा बादल्या वाहत होती, माझ्या खिडकीतून दिसायचं. मला म्हणायची, हार्लनला सांगू नकोस, कितीतरी वर्षांनी खुशीत आहे तो.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१८ जुलै
रोपं संपली.
जनेलचा फोन. आईला विचिटाला माझ्या घरी आणलंय, आता इथेच राहील, म्हणाली. म्हटलं, तिला दे. म्हणे, झोपलीय. मागे एक बाई खळखळून हसत होती. कोण ते ओळखू आलं नाही. इर्मा कशी हसते, बराच वेळ आठवून पाहिलं.